तो गप्प का राहतो?

मी एक कादंबरी आहे. मुलांसाठी लिहिलेली, जाड पुठ्ठ्याची, शाळेचा शिक्का बसलेली. माझी पहिली तीन प्रकरणं हाताळून हाताळून मऊ पडली आहेत. चौथ्यापासून पुढे मी जवळजवळ कोरी करकरीत. परीक्षेला तीनच प्रकरणं असतात ना. परीक्षेपुरतं वाचायचं, ही माणसांची जुनी खोड.

त्या तीन प्रकरणांत घडतं ते एवढंच. वर्गाने सहलीसाठी जमवलेले पैसे कपाटातल्या डब्यातून नाहीसे होतात. किल्ली असते खजिनदार मुलाकडे. सगळे त्याच्यावर संशय घेतात आणि तो चकार शब्द काढत नाही.

त्या वर्षी दोघींत एक प्रत अशी वाटणी झाली आणि मी दोन मैत्रिणींच्या बाकावर आले. एक गावात नवी आलेली. कमी बोलायची म्हणून सगळे तिला घुमी म्हणत. दुसरी पुढारीण, प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर. घुमीला पहिल्या दिवशी हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं ते मात्र हिनेच. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

बाईंनी तिसरं प्रकरण वाचून संपवलं आणि फळ्यावर प्रश्न लिहिला : खजिनदार गप्प का राहतो?

"उद्या सांगा," बाई म्हणाल्या. "घाई नको. नीट समजून घ्या."

मधल्या सुट्टीत दोघी मला घेऊन जिन्याखाली बसल्या.

"त्यानेच घेतलेत, म्हणून गप्प आहे," पुढारीण म्हणाली. "सोप्पंय."

"नाही. दुसऱ्या प्रकरणात बघ. त्याचे वडील रोज विचारतात, शाळेत काय झालं. त्या दिवशी विचारतच नाहीत."

"मग?"

घुमी माझ्या पानाचा कोपरा दुमडत राहिली. "पैसे कुणी घेतले ते त्याला माहितेय. घरातलंच माणूस आहे."

"तुला काय माहीत?"

मग घुमीने सांगितलं. तिचे बाबा आधीच्या गावी शाळेत कारकून होते. आत्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी फीचे पैसे उचलले. परत ठेवीन म्हणत होते, त्याआधीच उघडकीला आलं. सगळे पैसे भरले, नोकरी सोडली, गाव सोडलं. "संशय आधी दुसऱ्यांवरच होता. मला माहीत होतं. मी गप्प बसले." मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

"गळ्याशपथ," पुढारीण म्हणाली आणि गळ्याला हात लावला.

मला वाटलं, माझी तीन प्रकरणं इतकी नीट आजवर कुणाला समजलीच नव्हती. मी मनातून सुखावले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला आणि पुढारणीचा हात वर गेला. वडिलांनी न विचारलेला प्रश्न, घरातलं माणूस, सगळं तिने घुमीच्याच शब्दांत सांगितलं. बाईंनी खडू खाली ठेवला.

"वा! इतकं बारीक कसं कळलं तुला?"

दुसरं प्रकरण वाचून कळलं, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. पण कौतुक डोक्यात गेलं की जिभेला हाड राहत नाही.

"हिच्या बाबांनी पण असंच केलं होतं ना, बाई. म्हणून."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान वर केली. हार्डवेअरचं दुकान तिच्या वडिलांचं, आणि घुमीचे बाबा आता तिथेच हिशेब लिहायचे.

"खाली बस," बाई म्हणाल्या. पण बाण सुटला होता.

त्या दिवशी मला घरी न्यायची पाळी घुमीची. दप्तरातून मी सगळं ऐकलं. आईबाबा मटार सोलत बसले होते. ती दारातच उभी राहिली.

"बाबा, माझ्यामुळे वर्गात सगळ्यांना कळलं."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "तुझ्यामुळे काय? केलं मी." मग खुंटीवरचा शर्ट काढला. "मालकांच्या लेकीआधी मीच जाऊन सांगतो त्यांना."

परत आले तेव्हा हिशेबाचं काम गेलं होतं. "खिळे मोजून द्यायला ठेवलंय," ते म्हणाले आणि हसले. बाकी कुणी हसलं नाही.

घुमीने बाक बदललं. मला पुढारणीपुढे ठेवलं आणि खिडकीजवळ एकटी जाऊन बसली. बाईंनी तिला थांबवून काही म्हणून पाहिलं. तिने नुसती मान हलवली. पुढारीण एकदा तिच्या घरीही गेली. दार आईने उघडलं आणि आईनेच लावलं.

मग पुढारीण घरी एकटी मला वाचू लागली. चौथं, पाचवं, सातवं प्रकरण. आता तिचा हात वर जात नसे.

वर्ष संपलं. पुस्तकं कपाटात जमा करायची होती. पुढारणीने मला घुमीसमोर धरलं.

"पुढचं वाच ना. त्याचा मित्र त्याची माफी मागतो."

"आणि तो करतो माफ?"

"मी वाचलं तिथपर्यंत तरी नाही. पुढे वाचायची भीती वाटली."

घुमीने मला हातात घेतलं. क्षणभर वाटलं, आता ही उघडेल. तिने माझा वाकलेला पुठ्ठा सरळ केला, मला कपाटात ठेवलं आणि निघून गेली.

आता मी त्याच कपाटात आहे. जूनमध्ये नवी मुलं येतील, तीच तीन प्रकरणं वाचतील. माझं एकच मागणं आहे. एखाद्या मुलीला माझ्यातलं काही इतरांआधी समजलं, तर तिला समजू द्या. कसं समजलं, ते विचारू नका.