झुलत्या दगडाची दोन टोकं

मित्रांनो, कुणी मठ्ठपणा केला की तुम्ही त्याला 'दगड आहेस नुसता' म्हणता. म्हणा बापडे. मी खराखुरा दगड आहे, इथल्या कुठल्याही आजोबांपेक्षा वयाने थोरला, आणि मला मठ्ठ म्हटलेलं अजिबात खपत नाही. बोलिव्हियाच्या उंच डोंगरात, वायरापाता नावाच्या गावात, कथलाच्या खाणीखाली ओढ्याकाठी मी बसलेला असतो. माझं पोट गोल आणि पाठ सपाट आहे. पाठीवर एक लांब फळी कातड्याच्या वाद्यांनी आवळून बांधलेली आहे. फळीच्या एका टोकावर एक बाई उभी राहते, दुसऱ्या टोकावर दुसरी. एकीने भार दिला की मी इकडे कलतो, दुसरीने दिला की तिकडे. माझ्या पोटाखाली आणखी एक दगड पसरलेला आहे. आमच्या दोघांच्या मध्ये खनिजाचे खडे घालायचे, वरून पाणी सोडायचं, की त्या खड्यांचं पीठ होतं. तुमच्या घरचा पाटा-वरवंटा म्हणजे आमच्याच घराण्यातलं शेंडेफळ समजा.

इसिद्रो नावाच्या पाथरवटाने मला घडवलं. फार चिकाटीचा माणूस. टाकीचा घाव घालायचा, हात फिरवायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घाव घालायचा. पोट नीट गोल झालं नाही तर फळीवरची माणसं तोंडावर आपटतील, ही त्याला काळजी. मग गावातल्या माणसांनी दोर लावून, शिव्या देत आणि थकवा मारणारी कोकाची पानं चघळत मला ओढ्यापर्यंत ओढत आणलं. मी वाटेत दोनदा अडून बसलो. पहिल्यापासून मी तसा हट्टीच.

माझ्या तारुण्यात गाव कसं गजबजलेलं होतं म्हणून सांगू! खाणीच्या तोंडाशी लोहार पहारींना धार लावत. दिवेवाला कार्बाइडचे दिवे भाड्याने देई. पाववाले पहाटे भट्टी पेटवत, आणि आपी, म्हणजे जांभळ्या मक्याची गरम गोड पेज, विकणाऱ्या बाया खाणीतली पाळी सुटायची वाट बघत. लामांच्या पाठीवरून पोती खाली शहरात जात. पुरुष खाणीत उतरत आणि बाया बाहेर टाकलेल्या दगडांच्या राशीवर बसून हातोडीने खडे फोडत. बाईने खाणीत पाऊल टाकलं की कथलाची शीर रुसून दडते, असा इथला समज. पण पुरुषांनी भुसा म्हणून फेकलेल्या राशीतून कथील वेचून काढायचं ते मात्र बायांनीच. ते वेचलेलं माझ्याकडे यायचं. दळून झालं की उतरत्या पन्हळीत पाणी सोडून धुवायचं. माती वाहून जाते आणि काळं, जड कथील तळाशी राहतं. तुमच्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ना, ती त्याचीच.

पुढे खाणीच्या कंपनीने लोखंडी चक्की आणली. ती दिवसरात्र धडधडायची. माझ्याकडे कोण बघतंय मग! माझी फळी कुणीतरी सरपणाला नेली. माझ्या पाठीवर गोधड्या वाळू लागल्या, पोरं घसरगुंडी करू लागली. पोरांचा मला राग नव्हता. पण ज्याने डोंगर दळला त्याने गोधड्या वाळवायच्या, हे मनाला लागायचं.

मग एका वर्षी साऱ्या जगात कथलाचा भाव कोसळला. कंपनीने गाशा गुंडाळला, चक्की भंगारात गेली, अर्धं गाव बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघून गेलं. जे राहिले त्यांनी मिळून सहकारी संस्था काढली. आणि एका सकाळी दोन बाया नवी फळी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

एक बासिलिया, बारकी, काटक, जिभेने तिखट. दुसरी तोमासा, उंच, शांत, पण टोमणा मारायची वेळ आली तर तो चुकवणारी नव्हे. तोमासाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी बासिलियाने हातात धरलं होतं, म्हणून त्या एकमेकींच्या 'कोमाद्रे' झाल्या होत्या. सख्ख्या बहिणीशी भांडलेलं इथे चालतं, कोमाद्रेशी भांडलेलं देवाला आवडत नाही म्हणतात.

त्या दोघी माझ्यावर उभ्या राहिल्या की मी दगड आहे हे विसरून जायचो. एकीचा गुडघा वाकला की दुसरीचा आपोआप सुटायचा. तोंडाने सगळ्या गावाची धुलाई चालायची आणि पायांचा ताल कधी चुकायचा नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी मोकळेपणाने सांगतो.

आणि एक दिवस तोमासा आली नाही. तिच्या नवऱ्याच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. त्याला खालच्या उबदार खोऱ्यात न्यायला हवं होतं. ती त्याला आणि पोरीला घेऊन पहाटेच्या गाडीने गेली, कोमाद्रेला एका शब्दानेही न सांगता. बासिलिया दुपारपर्यंत फळीच्या एका टोकावर बसून होती. मग उठली आणि घरी गेली.

नंतर बासिलियाची लेक दुसऱ्या टोकावर उभी राहू लागली. वर्षं गेली. लेक लग्न होऊन ओरुरो शहरात गेली आणि मी पुन्हा बसून राहिलो. गावात खडे फोडणाऱ्या बाया होत्या, पण त्या आपला माल ट्रकने खालच्या नव्या चक्कीवर पाठवू लागल्या होत्या. तिथला मालक देईल तो भाव घ्यायचा. बासिलियाला ते मान्य नव्हतं.

तोमासा त्याच सुमारास परतली. नवरा खोऱ्यातच वारला होता आणि पोरीने तिकडेच संसार थाटला होता. तिने वरच्या रस्त्यावर आपीचं दुकान मांडलं. बासिलिया त्या रस्त्याने जाईनाशी झाली. जावंच लागलं तर टोपी डोळ्यांवर ओढून जायची.

पावसाळ्यात, म्हणजे इथल्या फेब्रुवारीत, कार्निव्हल या नाचगाण्याच्या सणाआधी, संस्थेचा अध्यक्ष प्लासिदो माझ्याभोवती पावलं टाकत फिरू लागला. मला तेव्हाच संशय आला.

"दोन्या बासिलिया," तो अदबीने, म्हणजे इथल्या भाषेत 'बाईसाहेब' लावून, म्हणाला, "ट्रक वळायला जागा नाही. आणि हा दगड तर बंदच पडलाय."

"पडला नाहीये. बसलाय."

"पडलेला दगड आणि बसलेला दगड, मला काही फरक दिसत नाही बुवा."

"लहानपणी तुला शेंबूड आणि ओठ यातला फरक दिसत नव्हता, अध्यक्षसाहेब. तो मीच पुसून दाखवला."

प्लासिदो हसला. माणूस वाईट नव्हता. "ठीक आहे. कार्निव्हलच्या मंगळवारी सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात. त्या दिवशी हा दगड दळताना दिसला तर ट्रक पलीकडून वळवतो. नाही दिसला तर सुरुंग लावून फोडतो. संस्थेत तसं ठरलंय, माझ्या एकट्याच्या हातात नाही."

तो गेल्यावर बासिलिया माझ्या पाठीवर बसली. "तू गेलास की मीही गेले," ती म्हणाली. "ओरुरोला लेकीच्या घरी कोपऱ्यात बसायचं आणि जावयाच्या तोंडाकडे बघत जेवायचं." मी दगड, मी काय बोलणार! पण मला फुटायची भीती वाटली, आणि तिच्या त्या कोपऱ्याची त्याहून जास्त.

बासिलिया हार मानणारी नव्हती. आधी तिने दुसऱ्या टोकावर दगडांचं पोतं बांधलं. पोतं खाली गेलं आणि खालीच राहिलं. पोत्याला कुठे गुडघे असतात! मग तिने विल्बर नावाच्या ट्रकवाल्याला गळ घातली. विल्बर म्हणजे दोन माणसांचा ऐवज. तो फळीवर चढताच बासिलिया टोपीसकट वर गेली आणि वरच राहिली.

"उतर रे मेल्या!" ती ओरडली.

विल्बर आज्ञाधारक. त्याने टुणकन उडी मारली आणि बासिलिया दाणकन खाली आली. तिचा घोटा मुरगळला. त्यानंतर तीन-चार तरुण मुली येऊन गेल्या. त्या उड्या मारत, आणि माझ्यावर उड्या मारून चालत नाही. भार हळूच सोडावा लागतो, समोरचीचा श्वास ओळखून. तो ताल येणारी गावात एकच बाई उरली होती, आणि ती वर आपी ढवळत होती.

"मी नाही जाणार," बासिलिया मला बजावायची. "सोडून ती गेली. मी का जाऊ?"

मग कोमाद्रेंचा गुरुवार उजाडला. कार्निव्हलच्या आधी येतो हा सण. त्या दिवशी प्रत्येक बाई पाव, फुलं, फळं घेऊन आपल्या कोमाद्रेच्या दारी जाते. सकाळपासून रस्त्यावर नटलेल्या बायांची ये-जा चालू होती. पाऊस नुकताच थांबला होता. बासिलिया नवी शाल पांघरून, हातात फडक्यात बांधलेला पाव घेऊन, लंगडत घरातून निघाली आणि माझ्यापाशी येऊन थबकली. एवढ्यात वरून तोमासा उतरताना दिसली. तिच्या हातात आपीचा डबा होता आणि त्यातून वाफ निघत होती. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"कुठे निघालीस?" तोमासाने विचारलं.

"ओढ्यावर."

"पाव घेऊन? ओढ्याला भूक लागली वाटतं."

"आणि तू कुठे?"

"आपी विकायला."

"इथे? दगडाला?"

तोमासाने डबा माझ्या पाठीवर ठेवला. चटका बसला, पण मी हू की चू केलं नाही. मग बासिलियाच्या तोंडून ते बाहेर पडलं.

"एक शब्द सांगून गेली असतीस तर काय झालं असतं गं? दुपारपर्यंत बसले होते मी इथे. मला वाटलं, आजारी पडलीस. मी तुझ्यासाठी सूप करून घेऊन आले तर दाराला कुलूप."

"सांगायला आले होते," तोमासा म्हणाली. "तुझ्या दारापर्यंत आले होते मी त्या पहाटे. आत तू गाणं म्हणत होतीस. म्हटलं, दार उघडून तू रडायला लागलीस तर माझा पाय निघायचा नाही. आणि त्याला तर न्यायलाच हवं होतं. म्हणून पळाले. त्याचा खोकला थांबला नाही तो नाहीच, आणि मला मात्र तिथे बोलायलाही कुणी नव्हतं. रोज तुझी आठवण यायची."

"मग परत आल्यावर का नाही आलीस?"

"तू टोपी ओढायचीस ना डोळ्यांवर. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही."

बासिलियाने टोपी काढली आणि शालीने डोळे पुसले. "पाव घे. मऊ आहे अजून," ती म्हणाली. दोघींनी माझ्या पाठीवर बसून पाव आपीत बुडवून खाल्ला. रडणं, खाणं आणि गावाची धुलाई, सगळं एकदमच चाललं होतं. डबा रिकामा झाल्यावर तोमासाने फळीच्या वाद्या ओढून पाहिल्या.

"कुणी बांधल्यात या? विल्बरने?"

"आणखी कोण?"

"तरीच." तिने वाद्या सोडून पुन्हा आवळल्या, परकर खोचला आणि आपल्या टोकावर चढली. बासिलिया दुखरा पाय सांभाळत आपल्या टोकावर चढली. पहिले काही झोके वेडेवाकडे गेले. दोघींचं वय वाढलं होतं, त्यात एकीचा घोटा सुजला होता. मग तोमासाने श्वास सोडला, बासिलियाचा गुडघा वाकला, आणि मी कललो. माझ्या पोटाखाली खडे करकरले. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकताना मला किती आनंद झाला ते सांगायला शब्द नाहीत.

मंगळवारी प्लासिदो दोन सुरुंगवाल्यांना घेऊन आला. दोघी दळत होत्या, पन्हळीच्या तळाशी काळं कथील चकाकत होतं. मग त्याने सुरुंगवाल्यांना माघारी धाडलं, खिशातून रंगीत कागदाच्या झिरमिळ्या काढल्या आणि स्वतःच्या हाताने माझ्या पाठीवर बांधल्या. धरणीमातेच्या नावाने थोडी दारू माझ्यावर शिंपडली.

"ट्रक पलीकडून वळेल," तो म्हणाला. "पण दोन्या, तुमच्या दोघींच्या गप्पांमध्ये माझं नाव नको."

"तुझंच चाललं होतं," तोमासा म्हणाली, आणि दोघींनी भार दिला.

मित्रांनो, आता वायरापातातल्या आणखी बाया आपला माल माझ्याकडे घेऊन येतात आणि त्या दोघी त्यांच्या मुलींना भार सोडायला शिकवतात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातली एखादी जुनी वस्तू निकामी झाली म्हणून फेकायला निघालात तर क्षणभर थांबा. ती खरंच मोडली आहे, की तिच्या दुसऱ्या टोकाचं माणूस रुसलं आहे, हे आधी बघा. माणूस रुसलं असेल तर त्याच्या घराची वाट धरा. कोण जाणे, तेही अर्ध्या वाटेपर्यंत आलेलं असेल.