डब्यावरचं नाव

गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या जानरावने शाइस्ताच्या मशीनच्या काळ्या पडद्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि डोणगावात मशीनच्या सगळ्या आजारांवर जे औषध देतात तेच काढलं. "भाभी, फॉरमॅट मारा लागते."

"नाही मारायचं," शाइस्ता म्हणाली.

फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं साफ. आणि आत अब्बांचं अक्षर होतं. तिचे सासरे अब्दुल गनी, चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या उर्दू लग्नपत्रिका हाताने लिहिणारे. पक्षाघाताने उजवा हात गेला, त्याच्या आधी तिने त्यांची सगळी अक्षरं स्कॅन करून घेतली होती. पेनड्राइव्हवर उतरवायचं मात्र उद्यावर ढकललं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. आता तिच्या मुलीचं, सफाचं लग्न ठरलेलं. पत्रिका आजोबांच्याच अक्षरात हवी होती.

काल तिने मशीन चालवणाऱ्या लिनक्सची नवी आवृत्ती चढवली, वर पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा नवाकोरा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम टाकला, आणि मशीन सुरू केलं तर अंधार.

"काऊन जिद्द करून राह्यल्या? तासाभरात नवं करून देतो."

"मले नवं नाही पायजे, जानरावभाऊ. जुनंच पायजे."

जानराव मान हलवत गेला. शाइस्ताने ओढणी कमरेला बांधली. मोबाइलवर वाचत वाचत ती मशीनच्या दुरुस्तीच्या पानापर्यंत पोचली. तिथे नुसत्या पांढऱ्या ओळी, माऊसही चालेना. तिने ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. अंधारच. कपाटावरून कार्डाचा डबा काढून नाव ताडून पाहिलं. बरोबर होतं. आणखी एकदा टाकला. डोकं फिरायची वेळ आली.

डबा रागाने परत कोंबताना शेजारचा बिस्किटांचा डबा खाली पडला आणि सुया-बटणं फरशीभर झाली. शाइस्ता बघतच राहिली. या घरात बिस्किटांच्या डब्यातून बिस्किटं कधी निघाली नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आपण शहाण्या, जुन्या बाजारातून आणलेल्या कार्डाचा डबा वाचून ड्रायव्हर टाकतोय!

मग तिने मशीनलाच विचारलं, एका ओळीत, की बाबा तुझ्या पोटात कोणतं कार्ड आहे. उत्तर आलं. डब्यावरच्यापेक्षा दहा वर्षं म्हातारं. नवा ड्रायव्हर त्याला ओळखणारच नव्हता. तिने तो मुळासकट काढला, सिस्टिमबरोबर येणारा साधा ड्रायव्हर चालू केला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पडदा उजळला. आधी तिने सगळी अक्षरं पेनड्राइव्हवर उतरवली, मगच मनसोक्त रडली.

संध्याकाळी स्कॅन केलेली अक्षरं जोडून पत्रिकेवरचं सफाचं नाव जुळवून झालं. अब्बा खुर्चीतून पुढे वाकले. "नुक्ता जरा वर गेला, बेटा."

"कुठं घेऊ?"

त्यांनी डावा हात पुढे केला. तिने माऊस त्यांच्याकडे सरकवला. अक्षरावरचा ठिपका थरथरत खाली आला, पलीकडे गेला, परत आला. मदतीला जाणारे आपले हात शाइस्ताने मांडीवर दाबून धरले. पाच मिनिटं गेली. ठिपका जागेवर बसला तेव्हा अब्बांनी हात उचलला.

"हाव," ते म्हणाले. "आता म्या लिवलं."