न हरवलेलं प्रेम

सकाळी साडेसातला मास्तरांची नोकरी धोक्यात आली, आणि ती बातमी त्यांना तोंडात टूथब्रश धरलेल्या पोटच्या पोरीनं दिली.

"बाबा, हे तुम्ही केलंत?" तिनं वर्तमानपत्राचं क्रीडापान त्यांच्या चहाच्या कपावरच धरलं.

मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. शाळा सुटून सोळा वर्षं झाली, पण 'मास्तर' ही पदवी वर्तमानपत्राच्या कचेरीतही त्यांना चिकटून राहिली. तिथं क्रीडाविभागात बसून इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचं, हे त्यांचं काम. आजचा मथळा त्यांचाच होता आणि पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता: 'कोर्टवर लढाई, मनात माया! दोघींमधलं प्रेम तसूभरही हरवलेलं नाही.'

"मीच केला. का, जमला नाही?"

"मथळा झकास आहे. फक्त उलटा आहे."

बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात उद्या ज्या दोघी समोरासमोर यायच्या होत्या, त्यांच्याविषयी एका प्रशिक्षकानं इंग्रजीत म्हटलं होतं, 'देअर इज नो लव्ह लॉस्ट बिट्वीन देम.' मास्तरांनी शब्दाला शब्द लावला होता.

"प्रेम हरवलेलं नाही म्हणजे प्रेम आहे. सरळ हिशोब आहे," मास्तर म्हणाले.

"हिशोब सरळ आहे बाबा, उत्तर चुकलंय. हरवायला मुळात प्रेम होतंच कुठे, असं म्हणतात ते. एकमेकींचं तोंड बघत नाहीत त्या!"

पोरगी हसत चूळ भरायला गेली. मास्तरांनी कप बाजूला सारून मथळा पुन्हा वाचला. तोंड बघत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. गेल्या वर्षी एकीनं हात मिळवायला नकार दिला तेव्हा ती बातमी त्यांनीच लिहिली होती. पण माणसाला भांडण मिटल्याची बातमी लिहायची फार हौस असते. त्यांना वाटलं, समेट झाला, आणि सगळ्यांच्या आधी आपल्याला कळला.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"काही नाही. आज लवकर जातो."

काही नाही, हे त्यांनी गेले तीन महिने रोजच सांगितलं होतं. कचेरीत एक चूकवही होती. छापून आलेली प्रत्येक मोठी चूक तिच्यात लिहायची, आणि ज्याची चूक त्यानंच, आपल्या हातानं. वर्षात तीन नोंदी झाल्या की करार पुढे चालू होत नसे. मास्तरांच्या दोन होत्या. घरी एकीचाही पत्ता नव्हता. बावन्नाव्या वर्षी, वर्तमानपत्रं माणसं कमी करत असताना, तिसरी नोंद म्हणजे काय, हे कळायला शब्दकोश उघडावा लागत नव्हता.

एकच फट होती. प्रत्येक मजकूर दुसऱ्या माणसानं वाचायचा, असा नियम होता. वाचणाऱ्याला नुसती शंका आली तर त्यानं पेन्सिलीनं खूण करायची. ती लिहिणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर खोडली तरी चाले. चूक आहे अशी खात्री असेल तर लाल शाई, आणि मग दुरुस्तीशिवाय पान पुढे जात नसे. वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटली, तर चूक दोघांची सामाईक. सामाईक नोंद कुणाच्याच नावावर चढत नसे. दोघांना समज मिळे आणि विषय संपे.

मास्तरांचा मजकूर वाचत असत समोरच्या टेबलावरच्या बाई. आणि मास्तर-बाईंमधून अकरा वर्षं विस्तव जात नव्हता.

कारण म्हटलं तर मोठं, म्हटलं तर चिमूटभर. मुख्य उपसंपादकाची जागा रिकामी झाली तेव्हा दोघंही तिच्यावर डोळा ठेवून होते. मास्तरांनी संपादकसाहेबांच्या कानात बाईंची एक चूक घातली, बाईंनी मास्तरांची. साहेबांनी दोघांचंही ऐकलं आणि जागा तिसऱ्यालाच दिली. तो सहा महिन्यांत सोडून गेला, जागाही रद्द झाली. भांडण तेवढं कायम झालं. तेव्हापासून दोघांमध्ये बोलणं नाही. निरोप म्हातारे शिपाईकाका पोचवायचे, नाहीतर पेन्सिल. हाताच्या अंतरावर इंग्रजी वाक्प्रचारांचं चालतंबोलतं भांडार बसलेलं होतं, पण काल मास्तरांनी तिकडे मान वळवून 'याचा अर्थ काय हो?' एवढं विचारलं नाही. जीभ झिजली असती ना.

आणि बाईंनी खूण केली होती. समासात, पेन्सिलीनं. मास्तरांनी ती पाहिली, 'हिला माझ्या चांगल्या मथळ्याचा पोटशूळ' असं मनात म्हटलं, आणि वाचायचीही तसदी न घेता खोडून टाकली होती.

खोडलेली खूण कोण बघणार? तो कच्चा छापील कागद एकदा हातात आला की झालं. मास्तर नऊच्या आत कचेरीत पोचले. कागदांचा खोका त्यांनी टेबलावर उपडा केला. फुटबॉल होतं, कुस्ती होती, शर्यती होत्या. बॅडमिंटन नव्हतं. गुडघ्यावर बसून टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, शेवटी रद्दीच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला.

"मास्तर, काय हरवलं?" शिपाईकाका दारात उभे होते.

"कालचं क्रीडापान. कच्चं."

"ते बाईंनी काल जातानाच नेलं की. आणि साहेब म्हणाले, चारला दोघांनी या. बॅडमिंटन क्लबवाल्यांचे सकाळपासून सात फोन आलेत. त्या दोघींपैकी एकीची आई तर म्हणे फोनवर रडली."

मास्तर पोत्याशेजारीच खाली बसले. काकांनी पाणी आणून दिलं. ते त्यांनी औषधासारखं घेतलं.

बाई साडेअकराला आल्या. पर्स ठेवली, चष्मा पुसला, खुर्ची अर्धा इंच सरकवली. मास्तरांनी तोपर्यंत मनातल्या मनात वीस वेळा वाक्य जुळवलं होतं. एकविसाव्या वेळी ते तोंडातून निसटलं.

"बाई, तुम्ही ती खूण पाहिलीच नाही म्हणा."

बाईंनी मान वर केली. "अकरा वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही असं?"

"माझ्या दोन नोंदी झाल्यात."

"ठाऊक आहे. दोन्ही वेळा मीच वाचलं होतं."

"घरी सांगितलेलं नाही. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. या वयात मला कोण घेणार? तुमच्या पाया पडतो, बाई."

"पाया पडू नका, सगळे बघतायत," बाई म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "एक सांगा. माझी खूण वाचली होतीत?"

मास्तर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"वाटलंच." बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. शिसं गेलं होतं, पण वळ राहिले होते. मास्तरांनी डोळे बारीक करून वाचलं: 'अर्थ बरोब्बर उलटा आहे.'

ही शंका नव्हती. ही खात्री होती. मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला, आणि तो उजेड काही सुखाचा नव्हता.

"खात्री होती तर लाल शाई का नाही वापरलीत?"

बाईंनी चष्मा काढला. तो नसला की त्या एकदम थकलेल्या दिसायच्या. "कारण लाल शाईनं पान थांबलं असतं, आणि तुमची नोकरी वाचली असती. पेन्सिल तुम्ही खोडणार, हे मला माहीत होतं. माझी तुम्ही अकरा वर्षांत एकही खूण ठेवलेली नाही. तुमच्यासाठी खड्डा खणायला मला कष्टच पडले नाहीत, मास्तर. खोडरबर तुमच्याकडेच होतं."

मास्तरांना राग यायला हवा होता. पण आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

"आपल्याकडे विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात," बाई म्हणाल्या. "सख्य म्हटलं म्हणून भोपळा काय विळ्याच्या गळ्यात पडतो? इंग्रजीतही तसंच आहे. एवढं एक वाक्य विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं."

"सांगितलं असतंत?"

बाई विचारात पडल्या. "नसतंही," त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. चारला काय बोलणार, ते काही सांगितलं नाही.

त्या साडेचार तासांत मास्तरांनी तीन बातम्या मराठीत केल्या आणि तिन्हीत गोल उलट्या बाजूला घातले. बाईंनी तिन्ही लाल शाईनं परत पाठवल्या. साहेबांना काय सांगायचं, हे मास्तरांनी ठरवून टाकलं: खूण नव्हतीच. कागद पुढे आला तर म्हणायचं, पेन्सिल बाईंनी मागाहून केली आणि मागाहून खोडली. आपण एवढे खाली जाऊ शकतो, याचं त्यांना नवल वाटलं. त्याहून नवल म्हणजे, फार वेळ लागला नाही.

चारला साहेबांच्या टेबलावर चूकवही उघडी पडलेली होती. साहेब माणूस बरा, पण सात फोनांनी त्यांच्याही अंगाची लाही झालेली.

"मनात माया!" त्यांनी मथळा वाचून दाखवला. "त्या दोघी सामन्याआधी एकमेकींच्या बुटांकडेसुद्धा बघत नाहीत. बाई, तुम्ही खूण केली होतीत की नाही?"

मास्तरांनी खोटं बोलायला तोंड उघडलंच होतं. त्याआधी बाई बोलल्या.

"नाही केली. सुटलं माझ्या नजरेतून."

"तुमच्या? एकोणीस वर्षांत?"

"घाईत होते."

"कच्चा कागद कुठाय?"

"रद्दीत गेला असेल."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पेन पुढे सरकवलं. "सामाईक लिहा. आणि उद्याच्या अंकात दुरुस्ती, माफीसकट."

बाईंनी आधी लिहिलं. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात, एकोणीस वर्षांतली पहिली नोंद. मास्तरांनी तिच्याखाली इतक्या घाईनं सही केली की ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटली.

बाहेर पडताच मास्तर म्हणाले, "बाई, मी तुमचे उपकार..."

"कसले उपकार?" बाई जिन्याच्या वळणावर थांबल्या. "कागद दाखवला असता तर साहेबांनी पहिला प्रश्न हाच केला असता, की लाल शाई का नाही. तुम्ही गेला असतात, आणि पुढच्या महिन्यात मी. आणि समजा मी राहिले असते, तर तुमच्या जागी कुणी येणार नाही, तुमचंही काम माझ्याच गळ्यात. तेव्हा उगाच प्रेमाबिमाचा गैरसमज नको. एकदा केलात तेवढा पुरे."

मास्तरांनी जिन्यात वरखाली पाहिलं. "मग तो कागद फाडून टाका."

"मी फाडला, यावर तुमचा विश्वास बसेल?"

"नाही."

"आणि तुमच्याकडे दिला, तर मला झोप लागेल?"

शिपाईकाका वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले, आणि त्यांनी काही विचारलं नाही. शेवटी बाईंनी कागद मधोमध फाडला. अर्धा अर्धा. पण खुणेची ओळ कुणाच्या अर्ध्यात गेली यावरून वाद निघाला, म्हणून तो पुन्हा आडवा फाडावा लागला, आणि मग कुठले दोन तुकडे कुणाचे, यावरून पुन्हा पाच मिनिटं. अकरा वर्षांचं साठलेलं बोलणं त्या दोघांनी त्या जिन्यात एका बोटभर कागदावर खर्च केलं.

संध्याकाळी बायकोनं दार उघडलं. "लवकर गेलात, काय होतं एवढं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. शर्ट काढून ते खुंटीला अडकवायला गेले, थांबले, आणि पुन्हा अंगात घातला. खिशात दोन तुकडे होते. घरात ठेवायला जागा नव्हती, कचेरीत ठेवायची सोय नव्हती, आणि फेकायचा धीर नव्हता. वर्ष संपून चूकवही नवी व्हायला अजून सात महिने होते.

"शर्ट नाही काढत?" बायकोनं विचारलं.

"गार वाटतंय जरा," मास्तर म्हणाले, आणि घामानं निथळत जेवायला बसले.