नदीच्या नावाला आधार

पुण्याहून भीमाशंकर मास्तरांना कार्ड आलं. पोस्टमननं ते आधी चावडीवर वाचून दाखवलं आणि मग मास्तरांना दिलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात एक मोठा कोश निघत होता आणि त्यात नद्यांच्या नोंदी यायच्या होत्या. उमरग्यापासून तीन कोसांवरच्या आपल्या गावच्या नदीवर मास्तरांनी अडीच पानं धाडली होती. संपादकांचं उत्तर असं : 'मजकूर ठीक. नदीचे नाव आढळत नाही. लेखी आधारासह महिनाअखेर कळवावे, अन्यथा नोंद वगळण्यात येईल.'

नोंदीखाली लेखकाचं नाव छापलं जाणार होतं. मास्तरांचं नाव आजवर एकदाच छापून आलेलं, मतदारयादीत, आणि तिथं ते बाई होते.

पण नदीला नावच नव्हतं. मास्तर पारावर हरिबांकडे गेले. गावात त्यांच्याइतकं म्हातारं कुणी नव्हतं.

"नाव? नदी म्हंत्यात तिला."

"ते खरं हो. पण दुसऱ्या नद्यांतून वेगळी कशी ओळखायची?"

"दुसरी हाय कुठं? म्हशीला नाव ठिवावं मास्तर, ती चुकती, हाका माराव्या लागत्यात. नदी कुठं चुकती?"

बोलणं नोंदीत घालावं असं होतं, पण ते लेखी नव्हतं.

मग मास्तरांनी जैनोद्दीनचाचांचं घर गाठलं. चाचा निजामाच्या वेळचे गिरदावर, जमिनीच्या मोजणीत हयात गेलेली. जुन्या उर्दू नकाशाची नक्कल त्यांच्या पेटीत होती. चाचांनी चष्मा चढवला, कागदावर बोट फिरवलं आणि घसा खाकरला.

"शरीफा नदी."

शिक्का होता, सही होती, निजामी कागदावरचं फसली साल होतं. मास्तरांना आनंदानं उठून उभं राहावंसं वाटलं. ते उठून उभे राहिले.

"चाचा, नाव दिलं कुणी?"

चाचांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "नावाचा खाना रिकामा दिसला की साहेब नकाशा परत धाडायचा. दोन डाव धाडला. आन् तवा आमचं लगीन नवं व्हतं."

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. चाचांच्या बायको शरिफाबी पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"पस्तीस वर्षं एक पाटली मागते, तर न्हाय म्हन्ताव. आन् नदी देऊन बसलाव? सांगितलाव बी न्हाय?"

"सरकारी कागद. घरात कसा सांगायचा?"

"दिली ती बी संक्रांतीला आटनारी!" शरिफाबी मास्तरांकडे वळल्या. "माझ्या नावाखाली काय लिवलाव?"

मास्तरांनी नोंदीची जवळची प्रत वाचली. शेवटी आलं, 'उन्हाळ्यात ही नदी कोरडी असते.'

"कोरडी? अकरा लेकरं वाढविली म्या! ते काढा. न्हायतर हा कागद चुलीत जातो."

मास्तरांनी तिथंच ओळ खोडली आणि त्याच दिवशी नाव, आधार व दुरुस्ती पुण्याला रवाना केली.

दीड वर्षानं कोशाचा खंड आला. 'शरीफा' होतं. खाली 'भीमाशंकर' होतं, आणि या वेळी पुरुष होते. मास्तरांनी शेवटची ओळ वाचली आणि खाली बसले : 'उन्हाळ्यात कोरडी असते. आधार : लेखकाचा पहिला खर्डा.'

दारात शरिफाबी उभ्याच होत्या. पोस्टमननं चावडीवर सांगून ठेवलेलं. सोबत चाचा. त्यांना उर्दू झरझर वाचता यायचं, मराठी अक्षर मात्र दोघांनाही लागत नव्हतं. मास्तरांनी अल्लाचे आणि ईश्वराचे दोघांचेही आभार मानले, आणि पुस्तक जरा जवळ धरलं.

"'शरीफा,'" ते वाचू लागले, "'या नदीस बारा महिने पाणी असते. पाणी गोड आहे.'"

शरिफाबींनी चाचांकडे एकवार बघितलं, पदर सारखा केला आणि ओट्यावर बसल्या.

"परत वाचा."

दुसऱ्या वाचनात मास्तरांनी पाण्यात मासेही सोडले.