मुद्देमाल क्रमांक सदतीस

मी मुद्देमाल क्रमांक सदतीस बोलतोय. हे नाव मला परवाच्या दसऱ्याला मिळालं. त्याआधी नऊ वर्षं मी नुसता कोयता होतो, ऊस तोडायचा, आणि मला क्रमांक द्यावा असं कुणालाही वाटलं नव्हतं.

सध्या माझा मुक्काम एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीच्या तिसऱ्या फळीवर आहे. कोणत्या गावचं ठाणं ते सांगत नाही. मुद्देमालाने पत्ता सांगत सुटू नये. माझ्या अंगावर खाकी कागद आहे, कागदावर सुतळी आणि सुतळीवर लाखेचं सील. शेजारी एक मिक्सर आहे. त्याने काय गुन्हा केला ते तो बोलत नाही, मीही विचारत नाही.

माझा जन्म आष्टीच्या बाजारातला. ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा तापवून लोहाराने मला घडवलं. तो चिमट्याने धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. दगडाबाईने त्या दिवशी चार कोयते हातात घेऊन परत ठेवले. पाचवा मी. तिने मला हवेत दोनदा फिरवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्याचं नाक बरोबर हाय." आसारामने पैसे मोजले. तो फारसा बोलतच नाही. त्याने मला बाभळीची मूठ बसवली आणि मी त्या घरचा झालो.

दरवर्षी दसरा झाला की ट्रॅक्टर यायचा, आणि टोळीबरोबर आम्ही कारखान्याच्या गावाला जायचो. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. म्हणजे हजेरीत माझं नाव होतं, दगडाबाईचं नव्हतं. याची मला कितीतरी दिवस लाज वाटायची. नंतर सवय झाली. तिला तर आधीपासूनच होती.

चौथ्या हंगामात माझ्या हातून एक चूक झाली. पहाटेचं दव होतं, मूठ ओली होती. ऊस बुडाशी तोडताना माझं पातं दगडावर बसलं आणि दगडाबाईचा हात मुठीवरून पुढे सरकला. अंगठ्याजवळचं बोट पार आतपर्यंत कापलं गेलं. तिने हळद दाबली, पदराची चिंधी गुंडाळली आणि गाडी भरेपर्यंत तोडत राहिली. ते बोट नंतर कधी वाकलं नाही. मग आसारामने माझ्या मुठीवर त्या ताठ बोटापुरती लांबट खाच कोरली. बोट खाचेत निजायचं, बाकीची चार मला धरायची. तेव्हापासून दगडाबाईला दुसरा कोयता चालेना.

त्या दिवशी पुष्कळ रक्त सांडलं. पण कुणी शिट्टी मारली नाही.

शिट्टीचं सांगायचं कारण आहे. दगडाबाईचा मुलगा प्रविण तेव्हा सातवीत होता. आई-बाप फडात आणि तो गावात आजीपाशी. त्याच हिवाळ्यात 'लाल फड' नावाच्या सिनेमाचा पहिला भाग आला. त्यात 'मुकादम' नावाचा खुनी होता. तोंडावर पोतं, हातात कोयता, आणि उसाच्या फडात शिरेल त्याचे तुकडे. प्रविणने तो मोबाइलवर अकरा वेळा बघितला. पुढे सहा वर्षांत आणखी पाच भाग आले. प्रविण बी.ए.ला गेला आणि 'लाल फड फॅन ग्रुप'चा अध्यक्ष झाला. ही पोरं मेलेल्या माणसांना मोळ्या म्हणायची. "सहाव्या भागात एक्केचाळीस मोळ्या," असं प्रविण अभिमानाने सांगायचा. त्याच्या आईने त्या हंगामात किती मोळ्या डोक्यावरून वाहिल्या, हा आकडा त्याला ठाऊक नव्हता.

मला गंमत वाटायची ती वेगळीच. ज्यांचे आई-बाप टोळी नेणाऱ्या खऱ्या मुकादमापुढे मान वर करत नाहीत, तीच पोरं पडद्यावरच्या मुकादमाला देव मानायची.

सातवा भाग शेवटचा होता. 'लाल फड : शेवटची मोळी'. तो नेमका दसऱ्याला लागला.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमची पूजा असते. दगडाबाईने मला घासून-पुसून पाटावर ठेवलं, झेंडू वाहिला आणि तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं पात्यावर ओढली. हे कुंकू पुसायचं नसतं. ते फडातल्या पहिल्या उसाला लागून जातं, तेवढंच. तोवर सुकून काळसर तांबडं होतं. टोळी चार दिवसांनी निघणार होती.

दसऱ्याला दुपारी घरात कुणी नाही असं बघून प्रविणने मला टॉवेलात गुंडाळलं. संध्याकाळच्या आत परत ठेवायचं त्याने ठरवलं होतं. मला विचारलं नाही. आईलाही विचारलं नाही.

टॉकीजच्या बाहेर वीस-पंचवीस पोरं डोक्यात पोती घालून उभी होती. पोत्यांना डोळ्यांपुरती भोकं. ऊन मरणाचं होतं आणि देवाच्या रूपातली ती पोरं आतून खाजवत होती. प्रविणचा मित्र धर्मराज मोबाइल घेऊन पुढे आला. त्याचं चॅनेल आहे.

"काढ बे बाहेर," तो म्हणाला. "बाकीच्यांचे पुठ्ठ्याचे हायेत. तुझा दिसला पाहिजे."

प्रविणने मला उंच धरलं. कॅमेऱ्याकडे पातं वळवून तो म्हणाला, "हे बघा. खरा कोयता हाय, आणि ह्याला लागलंय ते खरं रगत हाय. आमच्या मुकादमाच्या नादाला कुणी लागायचं न्हाई."

कुंकवाला रगत म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही. रील तिथल्या तिथे लोकांसमोर गेलं.

मग त्याने मला विजारीच्या पायात दडवलं आणि लंगडत आत निघाला. गेटवरचा माणूस बाहेरचं खाणं शोधत होता. त्याने धर्मराजच्या खिशातली चिवड्याची पुडी काढून घेतली. मला जाऊ दिलं.

आत अंधारात त्याने मला बाहेर काढलं, आणि अशा रीतीने मी आयुष्यातला पहिला सिनेमा प्रविणच्या मांडीवर बसून पाहिला. पडद्यावरचा कोयता तीन हात लांब होता. त्याला धार नव्हती, चमक होती. असल्या हत्याराने एक ऊस तोडून दाखवावा, मी त्याच्या पाया पडेन. पण एका घावात तीन माणसं पडली आणि टॉकीज दणाणलं. पोत्यातून शिट्टी नीट वाजत नाही, तरी पोरांनी कसर ठेवली नाही.

शेवटाकडे मुकादमाच्या तोंडावरचं पोतं निघालं. आत बाई होती. साधी, चाळिशी उलटलेली, उन्हाने रापलेली तोडणीवाली. तिने कोयता खाली ठेवला, बांधावर बसली आणि पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. ती बसल्या जागी कलंडली, आणि पडदा काळा झाला. रक्ताचा थेंब नाही.

मग एक पोतं पडद्याकडे भिरकावलं गेलं आणि पाठोपाठ बाकीची गेली.

बाहेर धर्मराज एकेकाच्या तोंडापुढे मोबाइल धरू लागला.

"सहा वर्षं ज्याला देव मानलं, ते बाई निघाली बे," एक जण म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरले होते.

"नऊच मोळ्या," दुसरा म्हणाला. "ह्याच्यापेक्षा जास्त कोंबड्या माझा मामा ऐतवारी कापतो."

"आणि ते रगत? सरबत वतलंय नुसतं. लाल पण धड न्हाई."

"बाईला एवढा जोर कुठून आला, ते तरी दाखवायचं."

प्रविणच्या वर्गातली संस्कृती बाजूला उभी होती. तिनेही सगळे भाग बघितले होते, पण तिला अजून कुणी ग्रुपमध्ये घेतलं नव्हतं. धर्मराजने मोबाइल तिच्याकडे वळवला.

"मला आवडला," ती म्हणाली.

"कावून?"

"तिनं शेवटाला पाणी मागितलं. पिच्चरमधल्या एकानं बी दिलं न्हाई. आणि तुमी तवा बी 'कोयता उचल, कोयता उचल' वरडत होता."

"हिला बाटली द्या रे कुणीतरी," धर्मराज म्हणाला. सगळे हसले. संस्कृती हसली नाही, आणि प्रविणही. परत विजारीत दडवलेल्या मला तो वरून चाचपत उभा होता. अध्यक्षांचं मत घ्यायला धर्मराज वळला, तोवर हवालदार गहिनीनाथ त्याच्याआधी पोहोचले होते. तीन तास चाललेला सिनेमा संपेपर्यंत ठाण्यातल्या सगळ्यांचं ते रील बघून झालं होतं.

"काढा अध्यक्ष," ते म्हणाले. "हळू काढा, पाय कापून घ्याल."

ग्रुपच्या पोरांनी हेही चित्रित केलं. पुढे मात्र कुणी आलं नाही.

ठाण्यात टेबलावर माझा पंचनामा झाला. लांबी, रुंदी, मुठीचं लाकूड. मग हवालदार पात्यापाशी थबकले.

"साहेब, ते कुंकू हाय," प्रविण म्हणाला. "खंडेनवमीचं."

"टॉकीजपुढं तर रगत म्हणत होतास."

"ते रीलसाठी."

"मंग मी काय धरू? रील का नवमी?" हवालदारांनी कान खाजवला आणि लिहिलं : पात्यावर सुकलेले काळसर तांबडे, रक्तासारखे डाग. दोन पंचांनी सह्या केल्या. त्यातला एक टॉकीजसमोरचा चहावाला होता. सही करून तो म्हणाला, "पिच्चरपेक्षा हे बरं दिसतंय."

प्रविणला नोटीस देऊन सोडलं. मला ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दगडाबाई आली. मागे मान खाली घातलेला प्रविण. टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. तिने कमरेची पिशवी उघडली आणि कुंकवाची डबी टेबलावर ठेवली.

"हे तपासा आणि माझं हत्यार द्या. उद्या ट्रॅक्टर हाय."

"मावशी, मला दिसतंय कुंकू हाय," हवालदार म्हणाले. "माझ्या घरी बी विळ्याला लावत्यात. पण कागदावर रक्तासारखं लिहिलंय. आता तपासणीचा रिपोर्ट आल्याबिगर कागद सोडत न्हाई."

"कवा येईल?"

"पाच-सहा महिने धरा."

"तवर कारखान्याचा पट्टा पडंल, हंगाम संपंल. मग काय आंब्याला लावू त्याला?"

"दुसरा कोयता घ्या की. बाजारात काय कमी हायेत?"

दगडाबाईने उजवा हात टेबलावर ठेवला. चार बोटं मिटली. एक सरळच राहिलं, हवालदारांकडे रोखल्यासारखं. मुद्दाम नव्हे, ते तसंच राहतं.

"दुसऱ्याला खाच न्हाई," ती म्हणाली.

हवालदारांनी मला फळीवरून आणलं. सील तोडता येत नव्हतं, म्हणून कागदावरूनच तिने माझी मूठ चाचपली. बोटाने खाच शोधून काढली. मग परत केलं.

"नीट तपासा म्हणावं," ती म्हणाली. "वर कुंकू निघंल. आत मुठीत, पातं रुततं तिथं, रगत बी निघंल. ते माझं हाय. दुसऱ्या कुणावर नाव घालू नका."

प्रविणने मान वर केली. "कवाचं, आये?"

"तू सातवीला होतास. फोनवर मला सांगत होतास न्हाई का, लई भारी पिच्चर आलाय, लई रगत हाय म्हणून. त्याच्या आदल्या दिवशीचं."

"मला सांगितलं न्हाईस."

"तू पिच्चरचं सांगत होतास की."

प्रविण बाहेर गेला आणि तासाभराने नवा कोयता घेऊन आला. सोबत लोहाराकडून मागून आणलेली पटाशी. ठाण्याच्या पायरीवर तो आईसमोर बसला. तिने हात पुढे केला. तो बोट मुठीवर ठेवायचा, पेन्सिलने रेघ मारायचा, कोरायचा, फुंकायचा, पुन्हा बोट ठेवायचा. सहा वर्षांत त्याने ते बोट इतक्या जवळून पाहिलं नसावं. मी टेबलावरून, कागदाच्या फटीतून आणि खिडकीतून बघत होतो. पटाशी धरता येत नव्हती त्याला. दोनदा घसरली.

"खोल नको करू," ती म्हणत होती. "नुसतं निजलं पाहिजे."

त्याचा मोबाइल खिशात सारखा वाजत होता. ग्रुपवाले. त्याने काढला नाही.

ते कशासाठी फोन करत होते, ते मला पुढे कळलं. एक हवालदार ड्यूटीवर धर्मराजचं चॅनेल बघतो, आवाज मोठा असतो. चाहत्यांनी मोहीम काढली आहे. शेवटचा भाग पुन्हा बनवावा, मुकादम पुरुषच असावा आणि रक्त भरपूर हवं, अशी मागणी आहे. हजारोंनी सह्या केल्या आहेत. फडात नऊ हंगाम काढूनही इतकी माणसं एका गोष्टीसाठी एकत्र आलेली मी पाहिली नव्हती. धर्मराज आता अध्यक्ष आहे. प्रविणने राजीनामा दिला नाही, तो ट्रॅक्टरवर चढला. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत आई-बापाच्या मदतीला, म्हणाला. तो परत कॉलेजात येईल, त्याने यावंच. मला त्याची एवढीच काळजी आहे की फडात, जोडीविना एकट्या मजुराला म्हणतात तसं, त्याला कुणी 'अर्धा कोयता' म्हणेल.

रक्त कमी पडलं म्हणणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. इथे, मुठीच्या सांध्यात, थोडं आहे. सरबत नाही. बघायला तिकीट लागत नाही, फक्त हंगामात फडात यावं लागतं. येताना पाणी आणा.

आणि त्या रस्त्याने जाणार असाल, तर माझं एक काम करा. दगडाबाई दिसेल. सगळ्यांत पुढच्या सरीत असेल, उजव्या हाताचं ते बोट सरळ ठेवून. पोराने कोरलेली खाच बरोबर बसली का, तेवढं तिला विचारा. आणि मला कळवा. पाकिटावर 'मुद्देमाल क्रमांक सदतीस' एवढं लिहिलं तरी पोचेल.