ग्रीसकाकांच्या गाडीची बॅटरी

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते. मी मेले नव्हते. कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी, भर अंगणात, माझ्या मालकाने मला मेलेली ठरवले तेव्हाही माझ्यात चांगला दम होता. मी आहे मोटारगाडीची एक जुनी बॅटरी. वय वर्षे पाच. तुम्हाला पाच म्हणजे बालवाडी वाटेल, पण आमच्यात पाच म्हणजे काठी टेकायचे वय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात सहा कप्पे, कप्प्यांत शिशाच्या जाळ्या आणि आम्लाचे पाणी. डोक्यावर शिशाचे दोन आखूड खुंट; त्यांना टर्मिनल म्हणतात. गाडीतून दोन जाड वायरी येतात, त्यांच्या टोकांना क्लॅम्प असतात. ते क्लॅम्प माझ्या टर्मिनलांना घट्ट आवळले की माझी वीज गाडीत जाते. कारखान्यातून निघताना रबरी हातमोजे घातलेल्या एका बाईने मला तपासले आणि पाठीवर थाप मारून पुढे ढकलले. त्या थापेवर मी कितीतरी दिवस खूश होते.

मला विकत नेले ते ग्रीसकाकांनी. काका चाळीस वर्षे कागदाच्या गिरणीत फिटर होते. यंत्र कुरकुरले की ग्रीस, नाही कुरकुरले तरी ग्रीस, असा त्यांचा खाक्या. त्यावरून पडलेले नाव इतके पक्के बसले, की खरे नाव गल्लीत कुणाला आठवत नाही. निवृत्त झाल्यावर गिरणी सुटली, पण डबा सुटला नाही. दारांच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे खटके, कुलपे, काहीही त्यांच्या बोटांतून सुटायचे नाही. माणूस मात्र हाताचा पक्का आणि मनाने निर्मळ. फक्त यंत्राच्या बाबतीत दुसऱ्याने तोंड उघडलेले त्यांना खपत नसे.

काकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा त्यांना रुग्णालयात जावे लागते. तिथे डायलिसिसचे मशीन चार तास त्यांचे रक्त साफ करते, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस निभतात. त्यांना तिथे पोचवते गाडी, आणि गाडीला जागे करते मी. हे मी मिरवायला सांगत नाही. पण थोडे मिरवायलाही सांगते.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे थट्टा नव्हे. थंडीत इंजिनाचे ऑइल घट्ट होते, इंजिन फिरवायला जोर दुप्पट लागतो, आणि नेमका तेव्हाच माझा जोर निम्मा होतो. म्हणून हिवाळ्यात काका रोज संध्याकाळी मला गाडीतून काढून स्वयंपाकघरात आणून ठेवत आणि सकाळी परत बसवत. काकूंना झोप कमी. पहाटे चुलीपाशी खुर्ची ओढून बसत आणि माझ्याशी बोलत. "आपलं दोघींचं सारखंच गं," त्या म्हणायच्या. "वायरी लावल्याशिवाय आपल्याला काही सुधरत नाही." आणि स्वतःच हसायच्या. मला त्या फार आवडत.

शेजारच्या घरात बसताई राहते. ती शहराची बस चालवते, म्हणून बसताई. गेल्या वर्षी तिने चार माणसांत काकांची फिरकी घेतली होती. "काका, बिजागरीला एवढं ग्रीस लावता, एक दिवस दार घसरून गल्लीच्या टोकाला जाईल!" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले.

आता त्या सकाळकडे वळते. दोन दिवस बर्फ कोसळत होता. रस्ते बंद, त्यामुळे काकूंची एक खेप बुडाली होती. पाय सुजून बूट चढेनात. आडवे झाले की दम लागायचा, म्हणून त्या रात्रभर खुर्चीत बसून होत्या. डॉक्टरांनी फोनवर बजावले होते, "आता एकही खेप चुकवायची नाही. सकाळी आठला या. साडेआठपर्यंत मशीन राखून ठेवतो, त्यापुढे माझ्या हातात नाही." त्यानंतरची जागा थेट परवा होती. परवापर्यंत काकूंचा श्वास पुरेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

काकांना काळजी वाटली की ते काय करतात, हे तुम्ही ओळखले असेलच. आदल्या संध्याकाळी त्यांनी ग्रीसचा नवा डबा फोडला. अंगणात जाऊन गाडीतल्या क्लॅम्पच्या आतून लावले, बाहेरून लावले, मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या टर्मिनलांवर लावले.

"अहो, किती थापताय!" काकू म्हणाल्या. "भिंतीला गिलावा करताय का?"

"उद्या दगा नको," काका म्हणाले.

मी मनातून ओरडत होते. मित्रांनो, ग्रीस गंज थांबवते हे खरे, पण ते क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून लावायचे असते. आतून लावले तर ते वीजही थांबवते. उबेत ते पातळ राहते, आवळले की बाजूला सरकते, म्हणून इतकी वर्षे निभावून गेले. पण त्या रात्री ग्रीसने माखलेले क्लॅम्प बाहेर गाडीत राहिले, आणि पारा शून्याखाली अठरावर गेला.

सकाळी पावणेसातला काकांनी मला बाहेर आणले. रस्ता नुकताच मोकळा झाला होता. रुग्णालय अर्ध्या तासावर. काकूंना पांघरुणात गुंडाळून त्यांनी पुढच्या सीटवर बसवले, मला जागेवर ठेवले, क्लॅम्प बसवून पान्याने कचकचून आवळले. क्लॅम्पच्या आतले ग्रीस मेणासारखे कडक झाले होते. ते हलले नाही. माझ्या आणि क्लॅम्पच्या मध्ये भिंतच उभी राहिली म्हणा ना.

काकांनी चावी फिरवली.

टक्.

एवढाच आवाज. पुन्हा फिरवली. टक्. मी माझ्याकडून सगळा जोर लावत होते, पण तो दारातच अडत होता. काकांनी सहा-सात वेळा सेल्फ मारून पाहिला. मग बॉनेट उघडून माझ्याकडे असे बघितले, की मला पाच वर्षांची सगळी चाकरी आठवली.

"मेली!" ते म्हणाले. "नेमकी आजच मेली ही!"

ॲम्ब्युलन्सला फोन झाला. सगळीकडे गाड्या अडकल्या होत्या, तास-दीड तास लागेल असे उत्तर आले. बॅटरीचे दुकान नऊला उघडणार. सव्वासात वाजले. काकांनी गाडी ढकलायला खांदा लावला, पण पाय बर्फावरून सटकून गुडघ्यावर आपटले. मग हत्यारांच्या खोलीकडे धावले. तिथल्या कुलपातही त्यांनीच ग्रीस भरले होते, तेही गोठलेले. किल्ली अर्धी आत जाऊन थांबली. काकांनी कुलपाला लाथ घातली.

इकडे मी निवत चालले होते. घरातून आणलेली ऊब मिनिटामिनिटाने कमी होत होती. भिंत पडली असती तरी किती वेळा इंजिन फिरवू शकले असते? तीनदा? दोनदा? मला माझीच खात्री वाटेना.

"बसताईला हाक मारा," काकू आतून म्हणाल्या. शब्दाशब्दाला थांबत होत्या.

"तिला काय कळतंय त्यातलं?" काका म्हणाले आणि घरात गेले. बाहेर आले ते उकळत्या पाण्याची किटली घेऊन. मला गरम करायला! मित्रांनो, माझ्या गारठलेल्या अंगावर उकळते पाणी पडले असते तर कवच तडकून आम्ल बाहेर आले असते. मग मी खरोखरच गेले असते, आणि माझ्याबरोबर ती खेपही. काकांना हे एरवी कळले असते. पण भेदरलेल्या माणसाला स्वतःचेच शहाणपण सापडत नाही. त्यांनी किटलीचे झाकण काढले.

तेवढ्यात हॉर्न वाजला. हाक मारायला काकूंच्या छातीत हवा नव्हती. त्यांनी स्टिअरिंगच्या चाकाकडे झुकून तळवा हॉर्नवर दाबला आणि उचललाच नाही. खणखणीत, लांबलचक हॉर्न सगळ्या गल्लीभर गेला. हॉर्नला वीज लागतेच किती! ग्रीसच्या भिंतीतल्या बारीक फटीतूनही तेवढी जात होती. मी होती नव्हती ती सगळी त्यात ओतली.

बसताई झोपेतल्या कपड्यांवर कोट चढवून धावत आली. तिने आधी काकूंचा चेहरा पाहिला, मग काकांच्या हातातली किटली.

"काका, थांबा! काय करताय?"

"बॅटरी मेलीय. तापवतोय."

"मेलेली बॅटरी असा हॉर्न वाजवते होय? अख्खी गल्ली उठवलीत तुम्ही. द्या ती किटली इकडे."

काका काही बोलणार होते. पण काकूंकडे लक्ष गेले आणि त्यांनी किटली मुकाट्याने देऊन टाकली.

"दिवे लावा," बसताई म्हणाली. दिवे लख्ख लागले. "आता सेल्फ मारा." टक् झाले, आणि दिवे एकदम गप्पकन गेले. चावी सोडताच परत आले. "बघा. बॅटरी उतरली असती तर दिवे आधीच मिणमिणले असते. हे मधेच कुठेतरी अडतंय. अजून दोनदा मारा."

तिने हातमोजा काढून माझ्या पाठीवर हात ठेवला. मग एका क्लॅम्पवर. मग दुसऱ्यावर, आणि चटकन मागे घेतला.

"एवढ्या थंडीत हा क्लॅम्प तापलाय काका. हात लावून बघा. बॅटरी गार आणि हा गरम. वीज इथेच अडून बसलीय. आत काय लावलंत?"

काकांनी हात लावला. चाळीस वर्षे ज्या बोटांनी यंत्रांची दुखणी शोधली, त्या बोटांना ते लगेच कळले. त्यांचा चेहरा उतरला.

"ग्रीस," ते म्हणाले. "मीच."

मला वाटले, बसताई आता गेल्या वर्षीचा हिशेब चुकता करणार. ती फक्त म्हणाली, "पाना कुठंय? आधी निगेटिव्ह काढू."

पाना गाडीतच होता. तिने क्लॅम्प सोडवले, किटलीच्या पाण्यात फडके बुडवून पिळले आणि आतले ग्रीस पुसून काढले. तरी शिशावर मेणचट, काळपट थर राहिलाच. तो खरवडायला कानस हवी, आणि फिटरच्या साऱ्या कानशी कुलपाआड. काकूंनी पर्स उघडली आणि खिडकीतून नखांची छोटी कानस पुढे केली. ती काकांनी घेतली. गुडघ्यातून रक्त येत होते, बोटे निळी पडली होती, पण हात सवयीने चालत होते. शिसे चांदीसारखे चमकेपर्यंत त्यांनी माझी दोन्ही टर्मिनले घासली, मग क्लॅम्पच्या आतल्या बाजू. मला दुखले नाही. खरे सांगू का, आंघोळ झाल्यासारखे वाटले.

पावणेआठ झाले. मी पुरती गारठले होते.

"एकदाच मारा," बसताई म्हणाली. "पण सोडू नका."

चावी फिरली. भिंत नव्हती. माझी वीज सरळ गाडीत शिरली आणि घट्ट झालेल्या इंजिनाला धडकली. ते हलेना. मग जरासे हलले. घर्रर्र, करून थांबले. माझे सहाही कप्पे आक्रसले. अजून एक वळसा, अजून एक, माझ्यात आता काहीच उरले नाही असे वाटले, आणि इंजिन खोकले. दोनदा खोकले. मग धडधडून चालू झाले.

गाडी बसताईने चालवली. बर्फातला रस्ता तिच्या पायाखालचा. काका मागे बसून वाटभर पुढच्या सीटवरचा काकूंचा खांदा धरून होते. आठ वाजून चोवीस मिनिटांनी नर्सने काकूंची चाकाची खुर्ची आत नेली.

पुढचे चार तास काकांनी गाडी बंद केली नाही. रुग्णालयाच्या आवारात इंजिन चालू ठेवून ते चाकामागे बसून राहिले. बसताई दोनदा म्हणाली, "काका, गाडीने स्वतःच भरून घेतली असेल बॅटरी आत्तापर्यंत, करा आता बंद." पण त्यांची छाती होईना.

बाराच्या पुढे काकू आल्या. चेहऱ्यावर रंग आला होता, वाक्य एका दमात पुरे होत होते. शेजारी बसल्या, इंजिनाचा आवाज ऐकला, काकांकडे पाहिले आणि हात लांब करून चावी बंद केली.

"अगं, काय केलंस हे!"

"आता चालू करा."

"आणि नाही झाली तर?"

"नाही झाली तर बसताई आहे, तुम्ही आहात, माझी कानस आहे. पण आपणच आधी ठरवून मोकळं व्हायचं नाही. माझ्या बाबतीतपण नाही."

मागच्या सीटवर बसताई बाहेरचा बर्फ बघत बसली. मग काकांनी चावी फिरवली. मी एका दमात इंजिन उठवले, आणि काका रडले. चार तास धरून ठेवले होते, ते सगळे बाहेर आले.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू अडली, किंवा एखादे थकलेले माणूस गप्प झाले, तर त्याला मोडीत काढायची घाई करू नका. जवळ जाऊन हात लावा. अडचण नेमकी कुठे आहे ते बघा. कदाचित ते पूर्ण जोर लावत असेल आणि मध्येच आपणच, मायेने का होईना, काहीतरी थापून ठेवले असेल. आणि ते आपल्याला दिसत नसेल तर ज्याला दिसते त्याला बोलवा, मग अबोला एक वर्षाचा असो की दहा.

मी हा हिवाळा पार करीन की नाही, सांगता येत नाही. काकूंचेही कुणी सांगत नाही. पण परवा सकाळी आठ वाजता मशीन राखून ठेवले आहे, आणि आम्ही दोघी जाणार आहोत.