गोळ्याच्या डोक्यावरची चांदणी

नात परवा संगणकावर गोळे काढत बसली होती. एक बटण दाबलं की भरीव गोळा हजर, रंगीत, वर गरागरा फिरणारा. मी विचारलं, "आतून भरलाय कशावरून?" तिला हसू आलं. पण हा प्रश्न मुळात माझा नाही, आमच्या साहेबांचा. एके काळी माझी नोकरी त्यावर टांगलेली होती.

तेव्हा मी प्रयोगशाळेच्या गणकयंत्र विभागात हंगामी होते. तापलेला लोखंडी गोळा आतून कसा निवतो, याचं गणित यंत्राकडून करून घ्यायचं होतं. त्यासाठी आधी यंत्राच्या पोटात गोळा तयार व्हायला हवा. रीत सोपी. जागेचे चौकोनी ठोकळे पाडायचे आणि एकेकाला विचारायचं, बाबा रे, केंद्रापासून किती लांब आहेस? त्रिज्येएवढा किंवा त्याहून जवळ असेल तर चांदणी छापायची, नाहीतर जागा कोरी.

साहेबांचा यंत्रावर विश्वास नव्हता आणि माझ्यावर तर मुळीच नव्हता. "बाई, कडेनं गोल दिसेल, पण आत पोकळ निघाला तर? भरीव गोळा माझ्या टेबलावर ठेवा, मग तुम्हाला कायम करायचं बघू."

म्हणून मी गोळ्याचे काप छापायला घेतले, एका कागदावर एक. पहिला निघाला तो लांबुडका, कारण छापयंत्राची अक्षरं रुंदीपेक्षा उंच होती. यंत्र सांभाळणारे फीतकाका म्हणाले, "तुमच्या गोळ्यानं अंडं घातलं की." शाईच्या फितीवर त्यांचा पोटच्या पोरीसारखा जीव. भरगच्च चांदण्या बघून ते कळवळायचे. "नुसती कड छापा ना. आत कोण बघायला जातंय?"

"साहेब जातायत," मी म्हटलं.

अंड्याचा गोल केला, कागद घरी आणून पुठ्ठ्यांवर चिकटवले. आमचे हे निमूट कात्री चालवत होते.

"नोकरी करतेस की बालवाडी?" सासूबाईंनी विचारलं.

"कायम झाले की सांगते."

"नाही झालीस तर घरीच बस. मला तेवढीच सोबत."

बोलणं मायेचं होतं, पण माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुठ्ठ्यांच्या चवडीचं रबरबँड काढलं, मधलाच काप ओढला, चांदण्यांवरून बोट फिरवलं. "भरीव आहे," ते नाइलाजानं म्हणाले. मग वरची बाजू निरखली. "तुमच्या नियमानं अगदी डोक्यावर एकच चांदणी यायला हवी. ती कुठाय? खालीही नाही. टोकापाशी नियम फसला वाटतं."

"तसे कागद मला मिळालेच नाहीत," मी म्हटलं.

"मग तुमचा अर्ज सध्या राहू दे."

आपली फीत कशावर खर्ची पडली ते बघायला फीतकाका दारात येऊन उभे होते. "एकच चांदणी होती तो कागद का?" ते म्हणाले. "तो मी घेतला. जवळजवळ कोराच होता."

"घेतला म्हणजे?" साहेब वळले.

"छापयंत्राचं टेबल डुगडुगत होतं. पायाखाली घातलाय."

साहेब माझा अर्ज हातात घेऊनच निघाले. कडक इस्त्रीच्या विजारीसकट गुडघ्यांवर बसले आणि घडी ओढून काढली. उलगडली तर अख्ख्या कोऱ्या कागदाच्या मधोमध एक चांदणी. बाकीच्या गोळ्याकडे पाहिलं नसेल इतका वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.

"टोकसुद्धा सोडलं नाही यंत्रानं," ते हळूच म्हणाले.

"यंत्राला काय कळतंय? बाईंनी सोडलं नाही," फीतकाका म्हणाले.

"आणि दुसरा कागद?"

"दुसऱ्या पायाखाली."

तोही निघाला. साहेबांनी उठून त्याच टेबलावर माझा अर्ज ठेवला आणि सही करायला टेकले. आता टेबलाला कसला आधार? ते एकीकडे कललं, सही दुसरीकडे धावली आणि समासातून बाहेर पडली.

संध्याकाळी सासूबाईंनी सहीचा तो अर्ज उजेडात धरून सरळ पाहिला, तिरका पाहिला.

"कायम झालीस ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पण साहेब पितात का गं?"